गॅसबत्तीची राख आणि कोठीची यादी

मागच्या भाद्रपदात भीमपूरला जाण्याचा योग आला. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी या गावाचे नाव ऐकलेले नसेल. ते आदिलाबाद जिल्ह्यात आहे. जुनी मंडळी आदिलाबादला अजून एदलाबाद म्हणतात. हा मुलूख आधी निजामाच्या राज्यात होता, १९५६ साली आंध्रात गेला, २०१४ पासून तेलंगणात आहे, आणि २०१६ साली भीमपूर हे मंडलाचे ठिकाण झाले. मंडलाच्या कडेने पैनगंगा वाहते, पलीकडे यवतमाळ जिल्हा. त्यामुळे दुकानांच्या पाट्या तेलुगू आणि ओट्यावरच्या गप्पा मराठी, असा तिथला रिवाज आहे. माझा एक विद्यार्थी तिथला. बडोद्याला चार वर्षे माझ्याकडे पेटी शिकला, आता गावी कापूस पिकवतो आणि भजनी मंडळ चालवतो. "गुरुजी, गणपतीत आठ दिवस या, पोरांना चार अलंकार नीट सांगा," असा त्याचा आग्रह होता, म्हणून गेलो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस कोसळू लागला आणि वीज गेली. तासाभराने इन्व्हर्टरनेही मान टाकली. भजन तर रंगात आलेले. तेव्हा घरातल्या आजोबांनी माळ्यावरून एक जुनी गॅसबत्ती खाली काढविली. तिला कापडाचे कव्हर, आत काच शाबूत. जुने मँटल फाटलेले होते. ते काढून खोक्यातले नवे बांधले, रॉकेल भरले, पिन फिरवली, पंप मारला, आणि त्या सूं-सूं आवाजासकट तो पांढराफेक उजेड ओसरीभर पसरला. गावच्या पोरांनी असला दिवा पाहिलेलाच नव्हता. ती भजन सोडून दिव्याभोवती जमली.

मला मात्र वडील आठवले. माझे वडील बडोदे दरबारात तबलजी होते. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. संस्थान विलीन झाले तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते, आणि मी जन्मलो तेव्हा त्यांचे केस पिकले होते. राजवाड्यात विजेचे दिवे होते. पण संस्थानच्या प्रांतांत दौरा निघाला की मांडवात गॅसबत्त्याच लागत. "तबल्याची शाई गॅसबत्तीत जितकी काळी दिसते तितकी विजेत दिसत नाही," असे ते म्हणत. बत्तीचा आवाज कोणत्या सुराचा आहे ते पाहून गवई तंबोऱ्याची तार किंचित चढवून घेत, असेही त्यांनी एकदा सांगितले होते. खरेखोटे देव जाणे.

इकडे फाटलेल्या जुन्या मँटलची पांढरी राख एका मुलाने तळहातावर घेतली होती. लहान मुले शेवरीचा कापूस फुंकतात तसे गाल फुगवून तो ती फुंकणार, इतक्यात आतून माझ्या विद्यार्थ्याच्या वहिनी जवळजवळ धावतच आल्या. "फुकू नको बाबू थे राख!" त्यांनी मुलाचा हात धरला, राख ओल्या कागदात पुसून घेतली आणि त्याला हात धुवायला पाठविले. वहिनी शाळेत विज्ञान शिकवतात. मी चकित होऊन पाहत होतो. त्या म्हणाल्या, "गुरुजी, इतक्याशाने कुणाला काही होत नाही. पण जुन्या मँटलमध्ये थोरियम असतं. ते किरणोत्सर्गी आहे. पोटात-छातीत जाऊ नये म्हणून जपायचं. आणि पोरांना फुंकायची सवय कशाला?"

ज्या उजेडात आमच्या घराण्याचे पोट भरले, त्या उजेडाच्या राखेला असा काही गुण आहे, हे मला चाळिशी ओलांडल्यावर भीमपुरात कळले. परत आल्यावर मी या विषयाचा पाठपुरावा केला. तो दिव्यावरून कारखान्यावर गेला आणि कारखान्यावरून एका वेगळ्याच प्रश्नावर येऊन थांबला. कारखाना बंद पडतो, मालक जातो. पण आत जे उरते त्याचा चार्ज कोण घेतो?

आधी दिव्याचे सांगतो. व्हिएन्नाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फोन वेल्सबाख यांनी १८८५ साली गॅसच्या दिव्यासाठी जाळीची युक्ती काढली आणि १८९१ साली तिचे प्रमाण पक्के बसविले : नव्व्याण्णव भाग थोरियमचे ऑक्साइड आणि एक भाग सिरियमचे. कापडाची जाळी थोरियम नायट्रेटच्या द्रावात भिजवायची आणि वाळवायची. प्रथम पेटविल्यावर कापड जळून जाते आणि मागे राखेचा सांगाडा तेवढा राहतो. तोच तापून पांढरा उजेड देतो. म्हणजे मँटल ही मुळात राखच. म्हणून तर धक्का लागला की ते गळून पडते. थोरियम किरणोत्सर्गी आहे हे १८९८ साली समजले. तोवर जाळ्यांचा व्यापार जगभर सुरू झाला होता. आरंभी कोणी जाणूनबुजून पाप केले असे म्हणता येत नाही. प्रश्न पुढचा आहे, कळल्यानंतरचा.

हे थोरियम येत कुठून होते? संस्थानी शहरातल्या वाचकांना कौतुक वाटेल, ते एका संस्थानातूनच येत होते. त्रावणकोरच्या किनाऱ्यावर मोनाझाइट नावाची जड वाळू आहे. १९०९ साली शोम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला तिचा शोध लागला. त्या भागातून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूवरून त्याला संशय आला, अशी हकीकत सांगतात. त्याआधी जगाला ही वाळू मुख्यतः ब्राझीलकडून मिळे. नंतर त्रावणकोरची वाळू जहाजे भरभरून युरोप-अमेरिकेत जाऊ लागली. १९४६ साली तिच्या निर्यातीवर बंदी आली, १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी निघाली, १९५२ साली केरळात आळव्याला तिचा कारखाना सुरू झाला आणि १९५५ साली मुंबईजवळ ट्रॉम्बेला थोरियम नायट्रेटचा. तेव्हापासून देशी मँटलांना देशी माल मिळू लागला. पुढे पुष्कळ परदेशी कारखानदारांनी मँटलमध्ये थोरियमऐवजी इट्रियम वापरण्यास सुरुवात केली.

आता किरणोत्सर्गाविषयी, माझ्या परीने. तंबोऱ्याची तार छेडली की आस हळूहळू विरते. समजा, आवाज पाच सेकंदांत निम्मा झाला, तर पुढच्या पाच सेकंदांत त्या निम्म्याचा निम्मा होतो. किरणोत्सर्गी द्रव्याचेही असेच असते. निम्मे होण्याच्या काळाला शास्त्रज्ञ अर्धायुष्य म्हणतात. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सव्वापाच वर्षे, सीझियम-१३७ चे तीस वर्षे, आणि थोरियमचे सुमारे १४०० कोटी वर्षे. आपल्या पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे धरतात. मात्र आस जितकी लांब तितका आवाज मंद, हेही खरे. म्हणून एखादे मँटल हाताळल्याने कोणी आजारी पडत नाही. पण थोरियमच्या पोटी रेडियम, थोरॉन वायू असे पुढचे गोत जन्मत राहते, आणि हजारो टन वाळूतून थोरियम काढून घेतल्यावर जो चोथा मागे पडतो त्यात त्यांतले पुष्कळसे शिल्लक असते. त्या चोथ्यावर घर बांधले, मुलांनी त्यात खेळले, त्याची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली, तर मंद आवाजही अखेर ऐकू येतो.

अमेरिकेत नेमके असेच घडले. शिकागो शहरात लिंड्से लाइट नावाची मँटलची कंपनी होती. १९३० च्या दशकाच्या आरंभी तिने शहराच्या पश्चिमेला, साधारण पन्नास किलोमीटरवर, वेस्ट शिकागो या लहान गावात मोनाझाइटवर प्रक्रिया करण्याचा कारखाना काढला. आपल्या त्रावणकोरची वाळूही तिथे जात असे. कारखान्याच्या आवारात चोथ्याचे ढीग पडत. दिसायला ती साधी वाळूच. गावात कोणाला परसातला खड्डा बुजवायचा असो, बागेत भर घालायची असो, पायवाट करायची असो, कारखान्यातली वाळू मिळत होती, लोक नेत होते. काही चोथा गावच्या बागेतल्या खड्ड्यात गेला, काही ओढ्यात उतरला आणि ओढ्यातून नदीत. कारखाना हातोहात विकला गेला, १९६७ साली कर-मॅगी या मोठ्या कंपनीकडे आला आणि १९७३ साली बंद झाला. फाटकाला कुलूप लागले. पण कारखाना कुलपाच्या आत राहिलाच नव्हता. तो आधीच गावभर पसरला होता.

मोजणी झाली तेव्हा सहाशेंहून अधिक घरांच्या आवारांतली माती उकरून न्यावी लागली. कंपनीचा बेत असा होता की सगळा चोथा कारखान्याच्याच जागेत, गावाच्या मधोमध, कायमचा पुरावा. गावकऱ्यांनी त्याला विरोध केला, आपली समिती काढली आणि वर्षानुवर्षे सभा भरविल्या. राज्य सरकारनेही ढीग तिथेच ठेवल्यास दरसाल जबर आकारणी करण्याचा कायदा केला. अखेर तडजोड झाली, आणि १९९४ पासून आगगाडीच्या डब्यांतून ती माती दूर युटा राज्याच्या वाळवंटात, अशा कचऱ्यासाठी मुद्दाम बांधलेल्या जागी जाऊ लागली. बाग झाली, घरे झाली, मग ओढा आणि नदी. नदीचे काम पुरे व्हायला २०१२ साल उजाडले. माती हलली तरी जमिनीखालच्या पाण्याचा प्रश्न मागे राहिला. आधी ती वाळू टोपलीने घरोघर गेली, आणि परत आणायला अशी वर्षे लागली.

दुसरी हकीकत न्यू जर्सी राज्यातली. ग्लॉस्टर सिटी आणि कॅम्डेन या शेजारशेजारच्या गावांत मँटलचे दोन कारखाने होते. एक खुद्द वेल्सबाखच्या नावाचा, दुसरा त्याचा लहान प्रतिस्पर्धी, जनरल गॅस मँटल. विजेच्या दिव्यांनी दोघांचेही दिवस संपविले, आणि १९४० च्या आसपास दोन्ही बंद झाले. त्यानंतर चाळीस वर्षे कोणी त्यांची आठवण काढली नाही. १९८१ साली सरकारने विमानातून किरणोत्सर्गाची पाहणी केली तेव्हा वरूनच ती दोन ठिकाणे उठून दिसली. माणसे विसरली होती, जमीन विसरली नव्हती. कॅम्डेनच्या कारखान्याची इमारत दारेखिडक्या बंद करून ठेवावी लागली आणि २००० च्या सुमारास ती काळजीपूर्वक पाडली. १९९६ साली ही सारी जागा सरकारने देशातल्या सर्वांत दूषित जागांच्या यादीत घातली होती.

अशी पडीक जागा ताब्यात घ्यायची म्हणजे करायचे काय, याचे मला कुतूहल होते. वाचल्यावर लक्षात आले की पहिले काम अगदी साधे, आपल्या कोठीवाल्याचे आहे. आधी कुंपण, कुलूप, पहारा आणि पाटी. मग आत काय काय आहे त्याची यादी : किती पिंपे, कशाची, त्यांवर काय लिहिले आहे, कोणते गळते आहे. सुटी धूळ असेल तर ती उडू नये म्हणून पाणी शिंपडायचे, ढिगांवर आच्छादन घालायचे, पावसाचे पाणी ढिगातून ओढ्याला जाऊ नये म्हणून चर खणायचे. छप्पर कोसळण्याजोगे असेल तर आधी त्याला टेकू. यातले काहीच कायमचे नाही, पण हे झाल्याशिवाय पुढचे करता येत नाही.

त्यानंतर मोजणी. जमिनीवर चौकटी आखून, हातात मापक घेऊन, पावलापावलाने चालायचे. जागोजाग भोके पाडून खालची माती तपासायची. विहिरींचे पाणी, घरांतली हवा पाहायची. जुने कामगार शोधून त्यांना विचारायचे, की बाबांनो, गाड्या भरून माल कुठे जात होता? या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा कोणत्याच कागदात नसते, एखाद्या म्हाताऱ्याच्या आठवणीत असते. मग निवड : फार दूषित ते वेगळे, थोडे दूषित ते वेगळे, स्वच्छ ते वेगळे. सगळेच उचलून नेले तर पैसा पुरत नाही, आणि मिसळले तर चांगलेही वाईट होते. माती झाकून न्यायची, खड्ड्यात नवी माती भरायची, पुन्हा मोजायचे. आणि शेवटी, जे तिथेच राहील त्याची नोंद जमिनीच्या कागदावर अशी करायची की पन्नास वर्षांनी घर बांधणाऱ्याला ती दिसावी.

पाटी लावणे हेसुद्धा वाटते तितके सोपे नाही. किरणोत्सर्गाची ती पिवळ्यावरची काळी तीन पात्यांची खूण आपण पाहिलेली असते. पण ज्याला कोणी सांगितलेले नाही त्याला तो पंखा वाटतो. हे ध्यानात आल्यावर २००७ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जास्त धोकादायक उपकरणांसाठी तांबडी नवी खूण काढली. तिच्यात वर किरणे, खाली कवटी आणि पळणारा माणूस आहे. अक्षर न येणाऱ्यालाही कळावे, हा हेतू. भीमपूरसारख्या दोन लिप्यांच्या गावात राहणाऱ्याला याचे मोल जास्त कळते.

चार्ज कोणी घेतला नाही की काय होते, याचे उदाहरण ब्राझीलमधल्या गोयानिया शहराचे. तो कारखाना नव्हता, कर्करोगावर किरणोपचार करणारी एक खाजगी संस्था होती. १९८५ च्या अखेरीस संस्था दुसऱ्या जागी गेली. एक यंत्र नेले, सीझियमचे दुसरे तिथेच राहिले, आणि ते राहिल्याचे संबंधित सरकारी खात्याला कोणी कळविले नाही. इमारत अर्धवट पाडलेली, दारे-खिडक्या गेलेल्या. १३ सप्टेंबर १९८७ रोजी दोघा गरीब माणसांनी ते भंगार म्हणून उचलून नेले. भंगारवाल्याच्या आवारात ते फुटले. आतली भुकटी अंधारात निळी चमकत होती. लोकांनी ती नवल म्हणून घरोघर वाटली, अंगाला चोळली. चार माणसे गेली, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी. एक लाख बारा हजारांवर लोकांची तपासणी करावी लागली, २४९ जणांच्या अंगावर वा पोटात ते द्रव्य सापडले. भीमपूरच्या ओसरीवर तळहातावर राख घेऊन गाल फुगविणारा तो मुलगा मला हे वाचताना पुन्हा पुन्हा दिसत होता. दोन्ही द्रव्यांच्या धोक्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मला ठाऊक आहे. पण मुलाचे कुतूहल तेच, आणि फरक इतकाच की इथे वहिनी होत्या.

आपल्याकडेही घडले आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायन विभागात कोबाल्ट-६० चे एक जुने संशोधनयंत्र होते. १९८५ पासून ते वापरात नव्हते. वापरणारे प्राध्यापक निवृत्त झाले, यंत्र कोपऱ्यात राहिले. फेब्रुवारी २०१० मध्ये इतर अडगळीबरोबर त्याचा लिलाव झाला. ते मायापुरीच्या भंगारबाजारात गेले, तिथे कापले गेले. एप्रिलमध्ये माणसे आजारी पडू लागली तेव्हा शोध लागला. एका कामगाराचा मृत्यू झाला, आणखी काही जण भाजले. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून आहे, नियम होते, शास्त्रज्ञही होते. नव्हती ती एक ओळ, त्या विभागाच्या यादीत : ही वस्तू काय आहे आणि ती कोणाकडे परत द्यायची.

यादी म्हटले की मला पुन्हा वडिलांकडे यावे लागते. बडोदे संस्थानात गवई-वादकांच्या दरबारी खात्याला कलावंत कारखाना म्हणत. आजच्या मुलांना हसू येते, गाण्याचा कसला कारखाना! पण तिथे खरोखरच कारखान्यासारखी शिस्त होती. वाद्यांची कोठी होती, जिन्नसवार नोंद होती, तारांचे भेंडोळेसुद्धा लिहून दिले जाई. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. कोठीचा चार्ज द्यायचा होता, तेव्हा वयोवृद्ध कोठीवाल्यांना मदतनीस म्हणून वडिलांना बसविले. तीन दिवस मोजणी चालली. तिसऱ्या दिवशी वडिलांनी घाईने चांगली वाद्ये आधी लिहिली आणि भोपळा तडकलेला एक तंबोरा, पुडी फाटलेल्या दोन डग्ग्यांच्या जोड्या शेवटी 'इतर' म्हणून टाकल्या. म्हाताऱ्याने कागद परत केला. म्हणाला, "पोरा, चांगल्या वस्तूची काळजी कोणीही घेतो. फुटकी वस्तू यादीत आधी लिहायची. घेणाऱ्याला पहिल्यांदा ती दिसली पाहिजे." वडिलांनी ती यादी पुन्हा लिहिली. ही गोष्ट त्यांनी मला इतक्यांदा सांगितली की लहानपणी मला तिचा कंटाळा येई.

वेस्ट शिकागोच्या गोष्टीचा शेवट वाचला तेव्हा त्या कोठीवाल्याचे शब्द मला नव्याने ऐकू आले. कर-मॅगीने २००५-०६ साली आपला रसायनांचा धंदा वेगळा काढून ट्रोनॉक्स नावाची नवी कंपनी केली आणि देशभरच्या जुन्या दूषित जागांचे ओझेही तिच्या गळ्यात बांधले. मग अनाडार्को या तिसऱ्या कंपनीने मूळ कर-मॅगी विकत घेतली. ट्रोनॉक्सचे २००९ साली दिवाळे निघाले. फुटकी वस्तू यादीच्या शेवटी टाकून देणारा मोकळा झाला होता. पण प्रकरण कोर्टात गेले. २०१३ साली न्यायाधीशांनी निकाल दिला की ही वाटणी धनकोंना चकविणारी होती, आणि २०१४ साली ५१५ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. त्यातून वेस्ट शिकागोला, कॅम्डेन-ग्लॉस्टरला पैसा मिळाला, आणि सुमारे शंभर कोटी डॉलर नावाहो आदिवासींच्या मुलखातल्या सोडून दिलेल्या युरेनियमच्या खाणींसाठी गेले. ट्रस्ट नेमले गेले, म्हणजे जागेला पुन्हा एक कोठीवाला मिळाला, त्याच्या हाती किल्ली आणि पैसा दोन्ही आले.

मला वाटते, या सगळ्यात शास्त्राचा भाग अवघड असला तरी तो शेवटी सुटतो. मापके आहेत, आगगाड्या आहेत, वाळवंटे आहेत. सुटत नाही तो चार्जचा भाग. कारखाना चालू असताना जबाबदार माणसांची रांग असते. तो बंद झाला की रांगेतला प्रत्येक जण मागच्याकडे बोट दाखवतो. म्हणून कारखाना काढतानाच तो बंद करण्याचा पैसा बाजूला काढून ठेवावा, आणि बंद करताना किल्ली कोणाच्या हाती गेली ते नावानिशी लिहावे. हे सांगायला मोठे शास्त्रज्ञ लागत नाहीत. आमच्या कोठीवाल्याला ते ठाऊक होते.

परतीच्या दिवशी विद्यार्थी मला आदिलाबादला सोडायला आला. शहरालगत सिमेंटचा एक सरकारी कारखाना आहे. तो नव्वदीच्या दशकात बंद पडला. त्या कारखान्याचा किरणोत्सर्गाशी काही संबंध आहे असे मुळीच नव्हे. पण बंद कारखाना पाहिला की आता माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो आतल्या यादीचा. सिमेंट, कागद, पोलाद अशा पुष्कळ उद्योगांत मालाची पातळी वा जाडी मोजायला सीझियमसारख्या द्रव्याचा लहानसा डबा बसवलेला असतो. उद्योग बंद करताना तो डबा आधी काढून, कळवून, परत पाठवायचा असतो. कामगारांची देणी, यंत्रांची किंमत, जमिनीचा भाव यांच्या गलबल्यात हातभर डब्याची आठवण कोणाला राहावी? मात्र भंगारवाल्याची नजर नेमकी त्याच्यावर जाते, कारण त्याच्याभोवती शिसे असते आणि शिशाला भाव येतो.

निघण्यापूर्वी सकाळी वहिनींनी मला एक गोष्ट दाखवली. फाटलेल्या मँटलचे तुकडे आणि तो ओला कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवला होता. डब्यावर चिकटपट्टीने कागद लावून त्यावर मराठीत आणि तेलुगूत लिहिले होते : 'गॅसबत्तीचे जुने मँटल. उघडू नये. फुंकू नये.' खाली तारीख आणि त्याखाली स्वतःचे नाव.

"एवढ्याशा वस्तूला नाव कशाला, बाई?" मी विचारले.

"एवढ्यासाठी खरं म्हणजे डबाही नको होता, गुरुजी," त्या हसून म्हणाल्या, "कचऱ्यात बांधून टाकलं असतं तरी चाललं असतं. हा मी शाळेत नेणार आहे, पोरांना दाखवायला. नाव अशासाठी की उद्या कुणाला सापडला, तर हे काय आहे ते विचारायचं कुणाला, ते कळलं पाहिजे."

बडोद्याला परतल्यावर मी आमच्या संगीतवर्गाची खोली उघडली आणि वाद्यांची यादी नव्याने करायला घेतली. पहिल्या ओळीत लिहिले : तंबोरा एक, भोपळा तडकलेला.